चलच्चित्राची विलोम गती : एक चिकित्सा

वस्तू नष्ट झाली तरी तिचे नाव मागे उरते, हा अर्थविचारातील परिचित प्रकार आहे. 'रिवाइंड' हा शब्द त्यांपैकीच होय. १९७६ साली बाजारात आलेल्या व्हीएचएस कॅसेटीत फीत खरोखरच उलट गुंडाळली जाई. जी चित्रे ज्या क्रमाने पुढे गेली, तीच उलट क्रमाने मागे येत. आज इंटरनेटवरून प्रवाहरूपाने येणाऱ्या व्हिडिओत गुंडाळण्याजोगे काहीच नाही. तरीही तो शब्द व ती दुहेरी त्रिकोणाची खूण कायम आहे. हा अर्थपालट निरुपद्रवी आहे काय, हा प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न आहे.

प्रश्नाचे मूळ संक्षेपणाच्या पद्धतीत आहे. १९९३ च्या एमपेग-१ ह्या मानकात व्हिडिओच्या मुख्यतः तीन प्रकारच्या फ्रेम आढळतात. 'आय' फ्रेम स्वयंपूर्ण असते. 'पी' फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमहून जे बदलले तेवढेच नोंदलेले असते. 'बी' फ्रेम मागच्या व पुढच्या अशा दोन्ही फ्रेमांचा आधार घेते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिली पूर्ण वाक्यासारखी, आणि उरलेल्या दोन सर्वनामांनी भरलेल्या वाक्यांसारख्या आहेत. सर्वनाम कोणासाठी आले हे ठाऊक नसेल तर त्यांचा अर्थ लागत नाही. असा मजकूर शेवटाकडून आरंभाकडे वाचता येत नाही. एक फ्रेम मागे जावयाचे झाले तरी यंत्राला अगोदरची 'आय' फ्रेम गाठून तेथून पुन्हा पुढे यावे लागते.

ह्याचा भार किती पडतो हे आकड्यांनी स्पष्ट होईल. १९२० × १०८० बिंदूंची एक उलगडलेली फ्रेम सामान्य रंगपद्धतीत ३१,१०,४०० बाइट जागा व्यापते. सेकंदास २५ फ्रेम व दर दोन सेकंदांस एक 'आय' फ्रेम धरल्यास ५० फ्रेमांचा एक गट होतो, आणि तो संपूर्ण साठविण्यास सुमारे १५.५ कोटी बाइट लागतात. काहीच न साठविता प्रत्येक फ्रेमसाठी आरंभापासून उलगडा करावयाचा, तर ५० फ्रेमांसाठी १,२७५ उलगडे होतात. प्रत्येक सातवी फ्रेम जपून ठेवण्याचा मध्यम मार्ग साध्या 'पी' साखळीत १४ फ्रेमांच्या जागेत व शंभराच्या आत उलगड्यांत काम भागवितो. तथापि मोबाइलमधील हार्डवेअर डिकोडर आपल्या आधारभूत फ्रेम सहसा अॅपच्या हाती देत नाही. त्यामुळे हा सुबक उपाय बहुधा कागदावरच राहतो.

मानककारांनी ह्यावर काय केले? १९९८ च्या आरटीएसपी नियमावलीत ऋण गतिमूल्य म्हणजे उलट दिशा असे ठरले, आणि कोणत्या फ्रेम पाठवावयाच्या ही निवड सर्व्हरकडे राहिली. २००९ साली आलेल्या एचएलएस पद्धतीत सर्व्हर केवळ फायलींचे भांडार झाला व निवडीचा भार लहान यंत्रावर आला. त्यासाठी केवळ 'आय' फ्रेमांची वेगळी यादी देण्याची सोय झाली. २०१७ च्या नियमावलीत ती नोंदलेली आहे. हिची काटकसर निर्विवाद आहे. एकेक फ्रेम स्वतंत्रपणे उलगडते आणि पुढची येताच टाकून देता येते. परंतु जे दिसते ती गती नव्हे. ती उड्यांची मालिका होय.

चित्रपटातील एखादा प्रसंग शोधणाऱ्यास एवढे पुरेसे आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या अभ्यासकास मात्र ते मुळीच पुरेसे नाही. तेथे हाताच्या हालचालीची दिशा अर्थभेदक असते; 'देणे' ह्यासारख्या क्रियापदात कोणी कोणाला दिले हे दिशेवरूनच कळते. असा संकेत सेकंदाहून अल्प काळात पूर्ण होतो, म्हणजे दोन 'आय' फ्रेमांच्या मधल्या पोकळीत सबंध क्रियापद लुप्त होऊ शकते. स्वस्त मोबाइलवर नोंदी करणारा विद्यार्थी आपण मागे जाऊन पाहिले असे समजतो. वस्तुतः त्याने ते वगळलेले असते. पाहिल्याचा भास न पाहण्याहून अधिक घातक ठरतो, कारण त्यात पुन्हा पाहण्याची गरजच भासत नाही.

दोष काटकसरीचा नाही, तो न सांगितलेल्या वगळण्याचा आहे. उपायही दुर्मिळ नाहीत. अभ्याससामग्रीत 'आय' फ्रेम अधिक दाट ठेवता येतील. फाइल वाढेल, पण पोकळी कमी होईल. अथवा ६४० × ३६० बिंदूंची लहान प्रत सोबत ठेवता येईल. तिची फ्रेम मूळ फ्रेमच्या नवव्या हिश्शाएवढीच असल्यामुळे ५० फ्रेमांचा गट सुमारे १.७३ कोटी बाइटांत मावतो, आणि उलट गती अखंड दाखविता येते. बिंदूंची सूक्ष्मता थोडी गमावली तरी चालेल, हालचालीचे सातत्य गमावता कामा नये; संशोधकाची गरज ह्या क्रमाची आहे. जेथे हे शक्य नसेल तेथे त्या खुणेस निदान 'उडी' म्हणावे. शब्द प्रामाणिक असला तर विद्यार्थी सावध राहील.