डंडीचे कापड कोणते?

टार्टन म्हणजे स्कॉटिश कुळांची चौकडी, हा समज इतका घट्ट की गावांच्या नावाने विणलेल्या चौकड्यांकडे अभ्यासक ओझरतेच पाहतात. बॅनकबर्नच्या विल्सन मंडळींच्या १८१९ च्या नमुनावहीत ‘डंडी’ आहे. नाव एका गावाचे, माग दुसऱ्या गावचा. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ साली ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’मध्ये कुळांच्या टार्टनच्या प्राचीनतेचे बिंग फोडले. लेख झकास, पण तो निकष इथे लागू पडत नाही. या चौकडीने रक्ताच्या नात्याचा दावा केलाच कुठे? ती विक्रीसाठी होती, आणि तसे उघड होते.

आक्षेप घ्यायचा तो शहराचे प्रतीक म्हणून ती मिरवली जाते तेव्हा. एकोणिसाव्या शतकातली डंडी जगली बंगालच्या तागावर. देवमाशाच्या तेलाने ताग मऊ करायचा, मग गिरणीत त्याचे गोणपाट विणायचे. कामगारांत बायकाच जास्त. त्या घामाचा एकही धागा या लोकरी चौकडीत नाही. गोणपाट खांद्यावर मिरवत नाहीत, हे खरेच. ते धान्याभोवती शिवले गेले आणि गावाचे नाव न सांगता जगभर गेले.