हमखास गुणाची पारख

येवल्यात पैठणी घ्यायला आलेले जाणकार गिऱ्हाईक पदर उलटून पाहते. वीण खरी हातमागाची असेल तर नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. पण ‘पांढरे डाग हमखास बरे’ ही जाहिरात वाचताना आपण उलट बाजू पाहतच नाही. ‘आधी’ आणि ‘नंतर’ची दोन छायाचित्रे आपल्याला पुरतात.

आमचा आक्षेप नेमका इथे आहे. अशा जाहिराती गुण आलेले दाखवतात. न आलेले मोजत नाहीत. शिवाय कोडाचा एखादा डाग औषधाविनाही भरून येतो. मग श्रेय मलमाचे की निसर्गाचे, हे तुलना केल्याशिवाय कळणार कसे?

अशी तुलना ब्रिटनमध्ये झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. ५१७ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट केले. एकाला स्टेरॉइडचे मलम, दुसऱ्याला अतिनील किरणांचा हातात धरायचा दिवा, तिसऱ्याला दोन्ही. पहिल्या गटाला सोबत खोटा दिवा आणि दुसऱ्याला खोटे मलमही दिले, म्हणजे आपल्याकडचे खरे कोणते हे रुग्णाला कळू नये. नऊ महिन्यांनी डाग कितपत जाणवतो, हे रुग्णांनाच विचारले. चांगला गुण आलेले शंभरात असे: मलमाने १७, दिव्याने २२, दोन्हींनी २७. पहिल्या दोहोंतला फरक योगायोगाचाही असू शकेल. मलमाला दिव्याची जोड दिल्याचा फायदा मात्र स्पष्ट दिसला. उपचार थांबल्यावर अनेकांचा आलेला रंग पुन्हा गेला.

म्हणजे सर्वांत चांगला निकाल साधारण चौघांत एक! तरीही हाच आकडा आम्हाला विश्वासाचा वाटतो, कारण त्यात उरलेल्या ७३ जणांचाही हिशेब आहे.

कोड बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने मनाई आहे. तरी त्या खपतात, कारण त्यांच्यामागे भीती उभी असते. कोड संसर्गाने पसरत नाही आणि तो महारोगही नव्हे. महारोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, कोडाचा डाग नसतो. एवढे वर्गात स्पष्ट सांगितले, तरी डाग असलेल्या मुलीशेजारचे बाक रिकामे राहणार नाही आणि तिचे आईवडील ‘हमखास’च्या मागे धावणार नाहीत.

शिक्षकांनी अशी एखादी जाहिरात वर्गात आणावी आणि मुलांना तीन प्रश्न विचारायला लावावेत. औषध किती जणांना दिले? कितींना गुण आला नाही? न दिलेल्यांचे काय झाले? पदर उलटून पाहायचा तो असा.