‘मगदाला’ नौकेचे जन्मस्थान

नौकेच्या नावावरून तिचे जन्मस्थान ठरविण्याची रीत आम्हांस सदोष वाटते. मुंबई बंदराच्या रक्षणार्थ ठेविलेली ‘मगदाला’ ही चिलखती युद्धनौका याचा उत्तम मासला होय. नाव १८६८ च्या अबिसीनियावरील मोहिमेत घेतलेल्या किल्ल्याचे. त्या मोहिमेची फौज मुंबईहून गेली, एवढ्यावरून नौकाही मुंबईच्या गोदीतील ठरत नाही. ती बांधली टेम्सकाठी, ली नदीच्या मुखाशी असलेल्या ‘टेम्स आयर्नवर्क्स’ या कारखान्याने, व १८७० मध्ये ती पाण्यात उतरली. १८६० ची प्रसिद्ध ‘वॉरियर’ही तेथलीच. पुढे प्रवासापुरत्या तीन डोलकाठ्या उभारून ही लोखंडी नाव शिडांच्या बळावर मुंबईस आली, ही मौज नमूद करण्याजोगी आहे.

वाडिया घराण्याचे मोठेपण उसन्या लोखंडाने वाढवावयाचे कारण नाही. जमशेटजी बमनजींची १८१७ मधील सागवानी ‘त्रिंकोमाली’ आजही हार्टलपूल येथे पाण्यावर आहे. ‘मगदाला’ १९०४ मध्ये विकली गेली आणि तिचा कारखाना १९१२ मध्ये बंद पडला. संग्राहकांस विनंती इतकीच की, सुतारांच्या मजुरीचे वा सागाच्या खरेदीचे सुटे बंद हाती आल्यास ते रद्दीत न टाकता नकलून मंडळाकडे धाडावेत.