कुलवृत्तांतातील साक्षीदार

कुलवृत्तांत हा इतिहास आणि चरित्र यांच्या सीमेवरील वाङ्मयप्रकार होय. त्याचे परीक्षण करताना माहितीचा विस्तार, वंशवृक्षाची पूर्णता, भाषेचा प्रौढपणा यांची चर्चा होते. आधारनिर्देशांची पद्धत मात्र मुद्रणाची किरकोळ बाब समजली जाते. वस्तुतः या प्रकाराची सत्यनिष्ठा तेथेच पारखली जाते.

कारीच्या जेधे देशमुखांच्या दफ्तरातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी आहे. समजा, एखाद्या ग्रंथकाराने तिचा निर्देश एके ठिकाणी ‘जेधे शकावली’, दुसरीकडे ‘टिळकांनी छापलेली शकावली’ आणि तिसरीकडे ‘कारीचे दफ्तर’ असा केला, तर अनभिज्ञ वाचकाला एकाच कागदाचे तीन साक्षीदार दिसतील. ग्रंथकार खोटे बोललेला नसतो. तथापि पुराव्याचे वजन तिप्पट झालेले असते. भाषांतरकाराला हा अनुभव परिचित आहे. मूळची एक संज्ञा दोन शब्दांनी उतरवली, की वाचक दोन कल्पना शोधू लागतो.

कालनिर्देशाचेही तसेच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु वरील तिथी १६२९ मध्ये नव्हे, १६३० मध्ये पडते. कारण शकवर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. शुहूर सनात महिना पाहून ५९९ वा ६०० मिळवतात. म्हणून मूळ तिथी आधी व रूपांतर नंतर, हा क्रम ग्रंथभर पाळला पाहिजे. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा आधार देताना नुसते ‘राजवाडे’ म्हणणे म्हणजे वाचकाला २२ खंडांच्या अरण्यात सोडून देणे होय. खंड आणि लेखांक दोन्ही हवेत.

वृद्धांच्या आठवणींना लेखांक कोठून आणावा, असा आक्षेप यावर येईल. परंतु आठवण कोणाची, ती कोणी व केव्हा टिपली, प्रसंग पाहिलेला की ऐकलेला, एवढे तरी सांगता येते. सुसंगती म्हणजे सर्व आधारांना समान प्रतिष्ठा देणे नव्हे. उलट, सर्वांची नोंद एका पद्धतीने झाली म्हणजेच त्यांतील तरतमभाव स्पष्ट होतो.

पूर्वजांविषयी आदर बाळगणे हा गुणच आहे. मात्र त्यांच्याविषयी लिहिलेले प्रत्येक विधान पुढील पिढीला तपासून पाहता यावे, हा त्या आदराचा अधिक टिकाऊ प्रकार होय.