चालती बेगमी

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीत नवा मास्तर पहाटेच्या अंधारात घरून निघतो आणि पायपीट करत वाडीवर येऊन पोचतो. वाडीत बोलायला माणूस सापडत नाही. बाप्ये मेंढरांमागे रानात गेलेले, घरं नुसती उभी. पहिल्या वाचनात ही पोरसवदा मास्तराची फजिती वाटते. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात येतं, की या लोकांचं घराशी नातं काय आहे ते लेखकाने इथेच सांगून टाकलं आहे. घर म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा. संसार बाहेर, मेंढरांच्या पायांनी चालतो.

भिवंडीजवळच्या राहनाळसारख्या भातशेतीच्या गावातल्या वाचकाला हे पचायला जरा वेळ लागतो. इकडची काटकसर घराच्या आत असायची आणि तिचा हंगाम ठरलेला असायचा, तो म्हणजे आगोट. पहिला पाऊस पडायच्या आत चार महिन्यांचं सगळं घरात यायला हवं. भात कणगीत, कणगी शेणाने लिंपलेली. सुके बोंबील, सुकट, मीठ, वर्षाचा मसाला, चिंचेचे गोळे. लाकूडफाटा माळ्यावर, चुलीच्या धगीने सुका राहील अशा बेताने रचलेला. चिमणीपुरतं रॉकेल, तेही जपून. आगोट नीट भरली, तर घरातल्या बाईला भर पावसात शेजारच्या दारात वाटी घेऊन उभं राहावं लागत नसे. थोडक्यात भागवायचं म्हणजे आमच्या लेखी साठवायचं. भिंत, माळा, कणगी, झाकण यांच्या आधाराने. बनगरवाडीत कणगीचा असा थाट नाही. धनगराची बेगमी चार पायांवर असते आणि रोज सकाळी घर सोडून चरायला जाते.

मेंढराचं हे अर्थशास्त्र माडगूळकर समजावून सांगत बसत नाहीत, पण ते कळलं की कादंबरी दुप्पट कळते. लोकर कातरली की तिचं घोंगडं होतं. तेच घोंगडं रात्री अंथरूण, पावसात डोक्यावरची खोळ, पाहुणा आला की बैठक. दूध आहे. शेतकऱ्याच्या रानात कळप रात्रभर बसवला की लेंड्यामुताचं खत पडतं आणि त्याबदली धान्य मिळतं. अडीअडचणीला एखादं कोकरू विकलं की रोख पैसा. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येणारे कळप भात कापलेल्या शेतांत असेच बसवले जात. राहनाळ, पूर्णा, काल्हेरच्या बाजूला आता शेतं कमी आणि गोदामं जास्त. पत्र्याच्या छपरांखाली सगळ्या मुंबईची आगोट भरून ठेवलेली असते. ते असो. मुद्दा असा, की ज्याची सगळी मिळकत चालती आहे त्याला घरात वस्तू जमवून चालत नाही. वस्तू थोड्या, आणि असेल ती वस्तू तीन-चार कामांना जुंपलेली.

माडगूळकरांचं वाक्यही असंच जुंपलेलं असतं. ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा ते अठ्ठाविशीत होते. जन्म माणदेशातल्या माडगूळचा, औंध संस्थानातला. पुढे लेखक म्हणून मोठे झाले, शिवाय हातात रेखाटनाची पेन्सिलही होती. रेखाटन करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: कुठली रेघ काढायची नाही. त्यांच्या गद्यात वाक्यं छोटी. विशेषणं मोजकी, आणि बहुतेक डोळ्याला, नाकाला, कातडीला जाणवणारी. गरिबी हा शब्द उच्चारण्याची त्यांना फारशी गरज पडत नाही. दारिद्र्याचं वर्णन करणारे लेखक घरात काय नाही याची यादी देतात. माडगूळकर घरात आहे ती वस्तू कोणाच्या हातात आहे ते दाखवतात आणि पुढे जातात. मला या कादंबरीची सगळ्यात मोठी देणगी ही वाटते. ज्या जगण्यात काहीच वाया जात नाही त्याच्याबद्दल लिहिताना लेखकानेही काही वाया घालवलेलं नाही.

कापडाचंच घ्या. वाडीच्या कारभाऱ्याची मुलगी अंजी मास्तरकडे चोळीचं कापड देते आणि ते शिवून आणायला सांगते. शहरातल्या वाचकाला हे एवढंसं काम वाटेल. पण वाडीत शिंपी नाही, तरुण पोरीला वाडीबाहेर पडायला निमित्त नाही, आणि नवं कापड ही रोजची गोष्ट नाही. त्या एका चोळीत अंजीची सगळी हौस येऊन बसते, आणि त्याच चोळीपायी कारभाऱ्याच्या मनात मास्तरविषयी किंतू शिरतो. एक कापड, आणि त्यावर कादंबरीतला सर्वांत नाजूक ताण तोललेला. माडगूळकरांच्याच ‘माणदेशी माणसं’ (१९४९) मधल्या धर्मा रामोश्याची आठवण इथे होतेच. त्याला मिळालेलं धोतर शेवटी त्याच्या लेकीच्या अंगावर दिसतं. माडगूळकर तिथे एक उसासाही टाकत नाहीत. उसासा टाकला असता तर धोतर लेखकाचं झालं असतं. टाकला नाही म्हणून ते बापलेकीचं राहिलं.

आता वाडीतल्या शेकूच्या बायकोचा प्रसंग. पेरणीच्या दिवसांत शेकूला बैलाची जोडी पुरी करता येत नाही. उसना बैल मिळायचा तर सगळ्यांची घाई एकाच वेळची. मग जुवाच्या एका बाजूला बैल आणि दुसऱ्या बाजूला शेकूची बायको. कादंबरी वाचलेले लोक बाकी सगळं विसरले तरी हे विसरत नाहीत. हा प्रसंग हाताळायचे दोन सोपे रस्ते होते: एक करुणेचा, दुसरा नारीशक्तीच्या गौरवाचा. माडगूळकर दोन्ही टाळतात. प्रसंग कामाच्या अंगाने येतो: ओल उडून जायच्या आत रान पेरून व्हायला हवं, आणि खांदा एक कमी आहे. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो तो या हिशेबीपणामुळेच. इथे काटकसर म्हणजे सद्गुण नव्हे. ती एक वजाबाकी आहे, आणि वजा करायला बाहेर काही उरलं नाही की माणूस स्वतःला वजा करतो.

हल्ली कमी वस्तूंत, विजेच्या तारेपासून दूर राहण्याबद्दल बरंच बोललं जातं, आणि आपल्याकडे ते खरोखर जगून दाखवणारे लोक आहेत. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. हेमा साने पुण्याच्या बुधवार पेठेत, भर शहरात, आयुष्यभर विजेवाचून राहिल्या. इंजिनिअर असलेले दिलीप कुलकर्णी आणि पौर्णिमा कुलकर्णी दापोलीजवळच्या कुडावळ्यात जाऊन राहिले आणि आपली ऊर्जेची गरज त्यांनी जाणीवपूर्वक उतरवत नेली. या सगळ्यांचा पूर्वज म्हणून थोरोचं नाव घेतात. १८४५ साली तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. तिथल्या मुक्कामावर त्याने लिहिलेलं पुस्तक दुर्गा भागवतांनी मराठीत आणलं. थोरोने आपल्या खोपटाचा जमाखर्च मांडला आहे: २८ डॉलर साडेबारा सेंट. मला तो आकडा नेहमी गोड वाटतो, कारण मोजून लिहून ठेवावंसं वाटणं ही निवड केलेल्या माणसाची चैन आहे. बनगरवाडीत असा ताळेबंद कोणी मांडत नाही. दिवा मालवून लवकर निजण्याला तिथे कोणी साधेपणा म्हणत नाही, आणि विजेची उणीवही कोणाला भासत नाही. जे कधी आलंच नाही त्याचा त्याग कसला करणार?

म्हणून ही माणसं कोरडी किंवा कंजूस आहेत असं नाही. आनंदा रामोशी या वाडीत भुरट्या चोऱ्या करून राहतो आणि वाडी त्याला सांभाळून घेते. थोडक्यात जगणाऱ्या गावाने चोरालाही आपल्या जमेत धरलं आहे, हे वाचताना मौजही वाटते. आणि मग तालीम. वाडीला तालीम बांधायची कल्पना मास्तर काढतो. औंधच्या संस्थानात हे अगदी साहजिक. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक होते. हाच राजा १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने राज्याचा कारभार गावांच्या हाती द्यायला निघालेला. एक-एक वस्तू पुरवून वापरणारे हे धनगर तालमीसाठी मात्र अंगमेहनत उधळतात. पोटाशी जिचा काडीचा संबंध नाही अशी ही वाडीतली एकमेव इमारत. राजा येतो, उद्घाटन होतं. तालमीच्या पानांवर माडगूळकरांची लेखणीही जरा सैल होते, ऐसपैस होते; गावाने स्वतःला दिलेली सूट जणू लेखकानेही घेतली. काही टीकाकारांना हा भाग आदर्शवादी वाटू शकेल. मला तो गरजेचा वाटतो. उधळपट्टी कशी करायची हे ज्याला ठाऊकच नाही त्याची काटकसर वाचण्यात रस नसतो.

पुढे पाऊस दगा देतो. आगोटीच्या हिशेबाने वाढलेल्या माझ्यासारख्याला इथे पहिला प्रश्न पडतो: साठवलेलं काही नाही का? आणि उत्तर मेंढरांच्या रूपाने डोळ्यांसमोर मरत असतं. कणगीतलं भात दुष्काळात वाढत नाही, पण ते पाणीही मागत नाही. चालती बेगमी रोज चारा-पाणी मागते, आणि ते नसलं की साठवण आणि साठवणारा एकदमच उपाशी पडतात. वाडी कळपांसकट जगायला बाहेर पडते. मास्तर आला तेव्हा दिवसापुरती रिकामी असलेली घरं आता रात्रीही रिकामी राहतात. राम देशमुखांनी १९५८ साली इंग्रजीत भाषांतर केलं तेव्हा पुस्तकाला नाव दिलं ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’. गावाला भिंती नव्हत्या. नाव चांगलं आहे, पण माझ्या मते या शेवटच्या प्रकरणांमधली गोष्ट भिंतींची नाही. भिंती असतात तशाच राहतात. धरून ठेवावं असं त्यांच्या आत काही नसतं, इतकंच.

एक गोष्ट मात्र या कादंबरीत मिळत नाही, आणि कौतुकाच्या भरात ती झाकू नये. गोष्ट सांगणारा एकटा, तरुण, परका मास्तर आहे. तो चावडीत बसतो, रानात जातो, कारभाऱ्याशी बोलतो; चुलीपाशी जाऊ शकत नाही. त्यामुळे पहाटे जातं कोण ओढतं, पाणी किती लांबून येतं, भाकरी मोजक्या असल्या की शेवटची कोणाच्या वाट्याला येत नाही, हे त्याला दुरूनच दिसतं. ज्या बाईने बैलाची जागा घेतली ती आपल्या लक्षात शेकूची बायको म्हणूनच राहते. थोडक्यात भागवण्याचा खरा कारभार बायकांच्या हाती, आणि तो कारभार ‘बनगरवाडी’त उंबऱ्याच्या पलीकडे राहिला. १९९५ साली अमोल पालेकरांनी चित्रपट केला, त्याची पटकथाही माडगूळकरांचीच, तेव्हा कॅमेराही बव्हंशी मास्तरच्याच पाठोपाठ चालला. उंबऱ्याच्या आतलं वाचायचं तर कादंबरीच्याही वीस वर्षं मागे, लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’कडे जावं लागतं. तिथे घरखर्चाच्या पैशांतून दौत विकत घेऊन येणारा नवरा आहे, आणि त्या दिवशी चूल कशी पेटली हे सांगायला बाई स्वतः हजर आहे.