देवाविना जत्रा

मंडळी, आपल्याकडे जत्रा भरते देवासाठी, बाजार तिच्या मागून येतो. दुबईने १९९६ साली शॉपिंग फेस्टिव्हल सुरू केला आणि हा क्रमच उलटा केला. तिथे खरेदी हेच निमित्त.

कल्पना हुशारीची, हे मान्यच करायला हवं. हिवाळ्यातली छान हवा, सवलती, सोडती. परदेशातून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. पण मला विचारायचंय, की या उत्सवात दुबई कुठे आहे? मॉलमधले बहुतेक ब्रँड तर लंडनला आहेत, आता मुंबईतही आहेत!

शहर भेटतं ते खाडीकाठी. देरा आणि बर दुबईच्या मध्ये ‘अब्रा’ नावाच्या लाकडी होड्या अजून ये-जा करतात. इथल्या बाजारात १९६६ पर्यंत रुपया चालायचा बरं का! आधी आपलाच, मग १९५९ पासून रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला. एवढं जुनं व्यापाराचं नातं, आणि फेस्टिव्हल आपल्याला ओळखतो तो फक्त गिऱ्हाईक म्हणून. आपणही तेवढ्यावरच खूश होऊन परत येतो, हा माझा खरा आक्षेप आहे. खरेदी जरूर करा, पण एक संध्याकाळ खाडीसाठी ठेवा.