सुपा : बुडालेलं गाव आणि न बुडालेला प्रश्न

सुप्यावरचे लेख आता एकाच साच्यातून निघाल्यासारखे वाटतात. बुडालेली पेठ, बुडालेलं देऊळ, शेवटी हळहळ. मीही तसंच लिहीत आलोय, म्हणून ही टीका आधी माझ्यावरच.

धरणाचे आकडे माझ्यासारख्या इंजिनिअरला तोंडपाठ: उंची १०१ मीटर, लांबी ३३२ मीटर, पूर्ण जलपातळी ५६४ मीटर. काळी नदीवरच्या वीजयोजनेचा हा मुख्य साठा. तालुक्याचं ठाणं सुप्याहून जोयड्याला गेलं, विस्थापितांसाठी रामनगर वसलं. इथे आपला लेख संपतो. रानातल्या कुणब्यांचा प्रश्न मात्र इथून पुढे सुरू होतो.

आपल्या लिखाणात कुणबी येतात ते कंदमुळांच्या मेळ्यातल्या फोटोपुरते. गोव्यात कुणब्यांना २००३ साली अनुसूचित जमातीत घेतलं. जोयड्यातल्या कुणब्यांची तीच मागणी कर्नाटकात वर्षानुवर्षं चालू आहे. हा फरक नुसता कागदी नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात जमातीला १३ डिसेंबर २००५ आधीचा वास दाखवला की पुरतं. इतरांना त्याआधीच्या तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, सिद्ध करावी लागतात. थेट १९३०पर्यंत मागे! तेव्हा हा मुलूख मुंबई इलाख्यात होता. त्यातून ज्यांचं घर, विहीर, देवाची राई धरणात गेली, त्यांचा पुरावाही पाण्याखालीच. आणि २००७ पासून याच रानात व्याघ्रप्रकल्प आहे. उठून जाण्याची बोलणी करायला बसणाऱ्याच्या हातात हक्काचा कागद असणं किती मोलाचं, हे सांगायला नको.

आता आपला दोष बघा. या कायद्याचे नियम पुरावा म्हणून गॅझेटियर, जुने नकाशे, वंशावळ, विहिरी, स्मशानं, देवस्थानं आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब मानतात. म्हणजे आपल्यासारखी मंडळं हौसेनं गोळा करतात, नेमकं तेच. पण १८८३चा कानडा जिल्ह्याचा खंड आपण देवळांसाठी चाळतो, वस्त्यांसाठी नाही. म्हाताऱ्यांकडून गोष्टी ऐकतो. तारीख, गाव, कुळ लिहून घेत नाही.

बुडालेल्या देवळाबद्दल आणखी एक लेख नाही आला तरी चालेल. एका वाड्याची वंशावळ आणि विहिरींचा नकाशा नीट उतरवला, तर तो कुणाच्या तरी अर्जाला जोडता येईल.